उन्हातून उन्हात: माणसं वाळवंटात राहायला का जातात?

गोकुळपेठ
माझा धाकटा भाऊ एकवीस वर्षं अमेरिकेत मिनियापोलिसला होता. या दिवाळीच्या आसपास त्यानं तिथलं घर विकलं आणि बायको-मुलांसह ॲरिझोनात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरला राहायला गेला. वाळवंटच ते. फोनवर ऐकून आई म्हणाली, "नागपूरच्या उन्हाले कंटाळून गेला होता ना रे? मग आता पैसे मोजून ऊन घ्यायले चालला काय?" तेव्हापासून घरात दोन तट पडलेत.

मला त्याचं पटतं. आपल्याला ऊन म्हटलं की मे महिना आठवतो. तो गेला आहे ते जानेवारीच्या उन्हासाठी. मिनियापोलिसला डिसेंबरात पावणेआठला उजाडतं आणि साडेचारला सूर्य मावळतो. सकाळी आधी फावड्यानं बर्फ काढायचा, मग गाडी बाहेर काढायची. माझी भावजय तीन हिवाळे मन खचलं म्हणून गोळ्या घेत होती. फिनिक्सला जानेवारीच्या दुपारी पारा 20 अंशांच्या आसपास असतो. संक्रांतीच्या सुमाराला आपण गच्चीवर पाठीला ऊन घेत संत्री सोलत बसतो, तेच हे ऊन. माणसानं त्यासाठी गाव बदललं तर त्यात काय चुकलं?

वाळ्याची_जाळी
ताई, राग मानू नका, पण आईंचंच बरोबर आहे. तुम्ही जानेवारी सांगून राहिल्या, मग जुलै कोण सांगंन? 2023 मध्ये फिनिक्सला 30 जूनपासून सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. आपला नवतपा नऊ दिवसांचा, अन् त्यातही एखाद्या दिवशी ढग येऊन जातात. रात्रीचं तं त्याहून वाईट. सलग 16 रात्री तापमान 32 च्या खाली उतरलंच नाही. मे महिन्यात आपल्याकडे पहाटे चारला गच्चीवर जरा तरी वारा सुटते, डोळा लागते. तिथं तेही नाही.

त्या एका वर्षात मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथं, उष्म्यापायी 645 माणसं गेली. त्यातली जवळपास निम्मी बेघर होती.

माझे वडील इतवारीत धान्याची पोती वाहायचे. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. मे महिन्यात दुपारी काम बंद ठेवा म्हटलं तर मालक ऐकत नसे. मला ऊन आवडते असं म्हणणारा माणूस त्या गल्लीत मी पाहिला नाही. तुमचे भाऊ चांगलेच असतील, त्यांच्यावर राग नाही. पण "सूर्यप्रकाशासाठी आलो" हे थंड खोलीत बसणाऱ्यालाच सुचते.

इतवारीवाला
कराचा विषय कोणीच काढला नाही. मिनियापोलिस ज्या राज्यात येतं त्या मिनेसोटात वरच्या टप्प्याला राज्याचा आयकर 9.85 टक्के आहे, ॲरिझोनात 2023 पासून सगळ्यांना सरसकट 2.5. पगार चांगला असेल तर एवढ्यावरही माणूस गाव बदलतो.

टेम्पीकर
मी मूळचा प्रतापनगरचा, अकरा वर्षांपासून टेम्पीला राहतो. चँडलर इथून अर्ध्या तासावर. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

इथल्या शाळेत मुलांना राज्याच्या पाच गोष्टी शिकवतात: तांबं, गुरं, कापूस, लिंबूवर्गाची फळं आणि हवामान. मुलीच्या वहीत ते पाहिलं तेव्हा मी दचकलोच. कापूस आणि संत्री हे तर आपलंच. पण हवामान हासुद्धा विकायचा माल असू शकतो, हे नागपूरकराच्या डोक्यात कधी येत नाही. इथं ते शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ विकलं गेलंय. आधी क्षयाचे रोगी कोरड्या हवेसाठी आले, ॲरिझोनातल्याच टूसान शहराजवळ तंबू ठोकून राहिले. पुढे 1 जानेवारी 1960 ला फिनिक्सच्या कडेला सन सिटी नावाची वसाहत उघडली, फक्त उतारवयातल्यांसाठी, गोल्फच्या मैदानासकट. नावातच सूर्य. पहिल्या तीन दिवसांत लाखभर लोक बघायला आले होते.

पण केवळ उन्हानं शहर वसत नाही. 1950 मध्ये फिनिक्सची वस्ती लाखाच्या थोडी वर होती, 2020 च्या जनगणनेत 16 लाख. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या, एसी स्वस्त झाला आणि कारखाने आले. मोटोरोलानं 1949 मध्ये इथं प्रयोगशाळा काढली, इंटेल चँडलरला 1980 च्या सुमाराला आली, आता तैवानची टीएसएमसी चिप बनवते आहे. माझ्या ओळखीतला एकही मराठी माणूस सूर्यासाठी आलेला नाही. सगळे नोकरीसाठी आले, आणि इथं घर परवडलं म्हणून राहिले. जानेवारीचं ऊन नंतर आवडायला लागतं.

एसीच्या आधी इथले लोक काय करत होते, ऐका. ओल्या चादरी टांगून ओसरीत झोपायचे, आणि 1930 च्या दशकात घरोघरी कूलर लागले. आपलाच कूलर! खोक्याला लाकडाच्या गवतासारख्या बारीक किसाची जाळी, त्यावर पाणी, मागे पंखा. जुन्या घरांच्या छपरांवर ते अजून दिसतात. जुलैत इथंही मान्सून येतो, पाऊस थोडाच पण हवा दमट होते, आणि मग कूलर नुसती ओल फेकतो. म्हणजे आपल्याकडे पाऊस लागल्यावर जे होतं तेच.

वाळ्याची_जाळी भाऊंचे आकडे खरे आहेत, मी त्या जुलैत इथंच होतो. उभे निवडुंग कोसळले त्या उन्हाळ्यात. मुलगी अनवाणी अंगणात गेली आणि तळव्यांना फोड आले. तरी मी परत जायचा विचार केला नाही. पहाटे पाचला फिरून येतो, दिवसभर आत असतो, आणि ऑक्टोबरात सगळी दारं उघडतो.

पेंचकाठी
सिंचन खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे मला पाणीच दिसतं. वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही तिथं, नागपुरात त्याच्या पाचपट पडतो. मग एवढं मोठं शहर कशावर चाललंय? एक मोठा आधार म्हणजे कोलोराडो नदी. तिचं पाणी पंपांनी उचलत, सुमारे 540 किलोमीटरचा कालवा काढून वाळवंटातून आणलंय. 1973 ला काम सुरू झालं, टूसानपर्यंत पोचायला 1993 उजाडलं. अभियंता म्हणून मी त्या कामाला हात जोडतो.

पण त्या कालव्याचा हक्क मुळातच दुय्यम आहे. 1968 च्या ज्या कायद्यानं त्याला मंजुरी मिळाली, त्यातच लिहिलंय की टंचाई आली तर आधी पाणी कॅलिफोर्नियाला. ऑगस्ट 2021 मध्ये कोलोराडोवर इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यात सुमारे 18 टक्के कपात झाली. 2023 मध्ये तर फिनिक्सच्या आसपास केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहती मंजूर करणं थांबवलं.

वरच्यानं पाणी अडवलं की खालच्याचं काय होतं, हे नागपूरनं भोगलंय. मध्य प्रदेशात चौराई धरण झालं, पेंच नदीत येणारं पाणी घटलं, आणि जुलै 2019 मध्ये तिच्यावरचं तोतलाडोह धरण आटल्यावर आपल्या घरी एक दिवसाआड नळ आले. भर पावसाळ्यात. हे ज्यानं पाहिलं त्यानं दुसऱ्याच्या नदीच्या भरवशावर घर घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

टेम्पीकर
काका, हक्क दुय्यम आहे हे मान्य. पण राज्याचं सुमारे 70 टक्के पाणी शेतीला जातं, घरांना नाही. फिनिक्सच्या कितीतरी वसाहती कापसाच्या आणि लसूणघासाच्या जुन्या शेतांवर उभ्या आहेत, आणि त्याच एकरभर जमिनीवर घरं कमी पाणी पितात. म्हणूनच 1957 मध्ये ॲरिझोना जेवढं पाणी वापरत होतं, त्याहून जास्त आजही वापरत नाही, लोकसंख्या कितीतरी पट होऊनसुद्धा. शहराचं सांडपाणी शुद्ध करून पालो व्हर्दे अणुवीज केंद्र थंड ठेवतात. आपल्याकडे भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तसंच.

पेंचकाठी
शेत मोडून घर बांधलं की पाणी वाचलं, हा हिशेब मला मान्य नाही. शेतकरी टंचाईच्या वर्षी पेरणी सोडून देऊ शकतो, जमीन पडीक ठेवू शकतो. 16 लाखांच्या शहराला एक वर्ष पडीक ठेवता येतं का? शेत होतं तेव्हा कपात सोसायला जागा होती, ती तुम्ही घरं बांधून भरून टाकली.

टेम्पीकर
हा मुद्दा मी असा कधी पाहिला नव्हता. खरं आहे.

मेडिकल_चौक
डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. हवापालट ही कल्पना आपल्याकडेही होती, क्षयरोग्यांना पाचगणीला, मिरजेला पाठवायचे. क्षय बरा केला तो मात्र औषधांनी, आणि त्याची सुरुवात 1943 मध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिननं झाली. उलट ॲरिझोनाच्या धुळीत एक बुरशी असते, तिचे कण श्वासातून गेले की 'व्हॅली फीव्हर' नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. धुळीच्या वादळानंतर खोकला लांबला तर डॉक्टरला तिथं राहतो हे सांगा, नाहीतर न्यूमोनिया समजून उपचार होतात. पण गोकुळपेठताईंच्या भावजयीचं मी हसण्यावारी नेणार नाही. हिवाळ्यात उजेड कमी झाला की खरोखर उदासी येणारी माणसं असतात, आणि उजेड हा त्यावरचा मान्य उपचार आहे.

आईंचं वय काय? रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात तिथं नेऊ नका.

वाळ्याची_जाळी
उजेडाचं पटलं. पण वीज गेली तं? तिथल्या घरांना आपल्यासारखी जाड भिंत नाही, गच्ची नाही, लाकडाचा सांगाडा.

टेम्पीकर
त्याची भीती इथंही आहे. 2018 मध्ये बिल थकलं म्हणून भर उन्हाळ्यात एका वृद्ध बाईची वीज तोडली आणि ती घरातच दगावली. त्यानंतर नियम आला, राज्याच्या नियामक आयोगाखालच्या वीज कंपन्यांना 1 जून ते 15 ऑक्टोबर थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. पण एसीच बिघडला तर नियम काही करू शकत नाही. घरात दगावलेल्यांकडे बंद पडलेले एसी बऱ्याचदा सापडतात. ताई, भावाला सांगा, मार्चमध्येच एसी तपासून घे आणि एक खिडकीचा एसी अडगळीत ठेव.

गोकुळपेठ
काल रात्री भावाशी तासभर बोलले. पाणी कुठून येतं, हे त्यानं घर घेताना विचारलंच नव्हतं. पेंचकाठी काकांचं सगळं वाचून दाखवलं, तर म्हणाला, शाळा आणि ऑफिसचं अंतर पाहिलं, बाकी काही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, कारण 2019 मध्ये मी स्वतः अंगणात ड्रम भरून ठेवत होते आणि तरी मलाही हा प्रश्न सुचला नव्हता. भावजय मात्र या डिसेंबरात एकही गोळी न घेता आहे, रोज दुपारी जेवण अंगणात करते. त्यामुळे त्यानं चूक केली असं मी अजूनही म्हणणार नाही.

वाळ्याची_जाळी भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचल्यापासून "ऊन तर चांगलंच" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

आई 78 वर्षांची आहे, आणि ती गोळी चालू आहे. म्हणून तिकीट जानेवारीचं काढलंय, परत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तिनं पोरासाठी इतवारीतून वाळ्याची जुडी आणायला सांगितलीय, त्याच्या कूलरला लावायला. चालेल का तिथं?

टेम्पीकर
वाळा म्हणजे मुळं, विमानतळावर दाखवावी लागतील, आणि माती दिसली तर हमखास काढून घेतील. इथल्या कूलरला ॲस्पेनच्या लाकडाच्या किसाची गादी मिळते, दुकानात सहज. शिवाय चँडलरच्या नव्या घरात कूलर नसणारच. त्यापेक्षा आईंना सोनपापडी आणि संत्रा बर्फी घेऊन पाठवा, मी शनिवारी येऊन भेटतो त्यांना.