भूविज्ञान विद्याशाखेचे पहिले उत्तरदायित्व कोणाशी? गोव्याच्या निमित्ताने

धागाकर्ता
गोवा विद्यापीठात पृथ्वी, महासागर आणि वातावरण या तिन्ही विज्ञानांची एकत्र विद्याशाखा आहे. अशा विद्याशाखेने आधी आपल्या भूमीतील लोकांना त्यांच्या पायाखाली काय आहे ते सांगावे आणि उद्योगांना मनुष्यबळ पुरवण्याचा विचार त्यानंतर करावा, असे माझे मत आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत जांभ्याखाली जे भुकटीसारखे लोहखनिज सापडते, तोच थर पाणी धरून ठेवतो. म्हणून खाण भूजलपातळीच्या खाली गेली की रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. हे अभ्यासणारा सल्लागार बहुधा खाणमालकानेच नेमलेला असतो. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि आता लिलाव होऊ लागले आहेत. अशा वेळी विहिरींच्या त्रयस्थ नोंदी विद्यापीठाने ठेवायच्या नाहीत, तर कोणी ठेवायच्या?

प्रतिसाद १ (खाणक्षेत्रातील भूवैज्ञानिक)
मला हे मान्य नाही. याच तालुक्यांतील मुले हा विषय घेतात ती नोकरीच्या आशेने, आणि त्यांच्या पालकांनी ती आशा धरली यात गैर काहीच नाही. वेधनातून, म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडून, निघालेला खडकाचा दांड्यासारखा गाभा पेटीत क्रमाने मांडून त्यातला खनिजाचा थर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे ओळखणे, टाकाऊ मातीच्या ढिगाचा उतार पावसाळ्यात टिकेल की शेतात उतरेल हे ठरवणे, ही कौशल्ये लोकहिताचीच आहेत. चांगला भूवैज्ञानिक नसला म्हणून खाण बंद होत नाही, ती फक्त वाईट रीतीने चालते. शिवाय विद्याशाखा एका बाजूची कैवारी ठरली, तर उद्या न्यायालयात तिच्या अहवालाला किंमत कोण देईल?

प्रतिसाद २ (संशोधक)
आपण दोघेही उपयोगाच्याच भाषेत बोलत आहात, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. अरबी समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळात हजारो वर्षांच्या मोसमी पावसाचा इतिहास आहे. तो वाचण्यासाठी आज कोणी गावकरी किंवा कंपनी मागणी करणार नाही. १९६६ साली स्थापन झालेली दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे काम करत असली, तरी तिथे जाणारा विद्यार्थी कुठेतरी घडवावाच लागतो.

धागाकर्ता
मूलभूत संशोधनाला माझा विरोध नाही, पण उद्योगाच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. नोंद ठेवणे म्हणजे बाजू घेणे नव्हे. विद्यार्थ्यांनी दरवर्षी त्याच त्या विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजावी आणि आकडे जसेच्या तसे सर्वांसाठी खुले करावेत. ते खाणीच्या बाजूने गेले तरीही. न्यायालयात अहवालाला वजन येते ते अशाच सलग नोंदींमुळे.

प्रतिसाद १
नोंदी खुल्या ठेवायला माझी हरकत नाही. पण वाहन, उपकरणे, पाण्याच्या तपासण्या यांचा खर्च शेवटी उद्योगाकडूनच मागितला जाईल.

धागाकर्ता
मागावा. मात्र आकड्यांची मालकी विद्यापीठाची राहील आणि ते प्रसिद्ध करण्यास देणगीदाराची परवानगी लागणार नाही, हे करारात आधीच लिहिलेले असावे. ही अट ज्याला मान्य नसेल, त्याचा पैसा घेऊ नये.