खळाळात १४ प्रकार, डोहात नुसत्या लाल अळ्या. नाल्यामुळे का?

ओलेपाय:
मंडळी, एका ओढ्यावर प्रोजेक्ट चालू आहे, पाण्याखालचे बिनकण्याचे जीव मोजायचे, म्हणजे अळ्या, गोगलगायी, खेकडे असलं सगळं. वरच्या बाजूला पाणी दगडांवरून खळाळत जातं तिथे ३ मिनिटं पायाने तळ ढवळला, खाली जाळी धरली, तर ट्रेमध्ये १४ प्रकार निघाले. मग खाली डोहात तेच केलं तर फक्त ३ प्रकार आणि त्यातही जवळजवळ सगळ्या त्या लाल वळवळणाऱ्या अळ्या, शेकड्याने! मधे एक नाला येऊन मिळतो, म्हणून रिपोर्टमध्ये सरळ लिहिणार होते की नाल्याने वाट लावली. पण डोहात ऑक्सिजन मोजला तर लिटरला ८ मिलिग्रॅम, म्हणजे चांगलाच की. मग खोटं कोण बोलतंय, अळ्या की मीटर?

अजून एक, वरच्या ट्रेमध्ये दोन शेपट्यांची चपटी अळी आहे. ती स्टोनफ्लाय ना? मेफ्लायला तीन असतात असं वाचलंय (दोन्ही उडणारे किडे, पण अळ्या पाण्यात वाढतात).

गाळकरी:
कोणीच खोटं बोलत नाहीये. मीटर किती वाजता बुडवलात? भर दुपारी असेल तर शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, रात्री तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू मिळून तो संपवत बसतात, त्यामुळे पहाटे उजाडायच्या आत मोजा, आणि वरच्यावर नको, मीटर तळाला गाळापर्यंत न्या. मीटरला फक्त त्या मिनिटाचं कळतं, अळी तिथे कित्येक आठवडे काढून बसलेली असते.

त्या लाल अळ्या म्हणजे ब्लडवर्म, न चावणाऱ्या डासांसारख्या माश्यांची पिल्लं. लाल दिसतात कारण अंगात हिमोग्लोबिन आहे, तुमच्या आमच्यासारखं. गाळात नळी करून राहतात आणि आत अंग हलवून पाणी ओढत राहतात, त्यामुळे जिथे दुसऱ्याचा श्वास कोंडेल तिथे यांचं निवांत चालतं.

पण म्हणून नाल्याला लगेच फाशी देऊ नका!! तुम्ही खळाळाची तुलना डोहाशी केलीत. दगडांच्या फटी, जोराचं पाणी, अडकलेला पालापाचोळा, तिथे प्रकार जास्त निघणारच. डोहात बारीक गाळ बसतो, फटी बुजतात, धरून बसायला काही नाही, मग अगदी स्वच्छ ओढ्यातसुद्धा डोहात वेगळीच मंडळी सापडतात. नाल्याच्या वरचा खळाळ आणि नाल्याच्या खालचा खळाळ घ्या, जमलं तर दोन्हीकडचे डोहही घ्या, मग बोला.

गुणपत्रक:
एवढा त्रास कशाला, बीएमडब्ल्यूपी स्कोअर (सापडलेल्या जिवांवरून पाण्याला मार्क द्यायची पद्धत) काढा आणि मोकळे व्हा. प्रत्येक कुळाला १ ते १० मार्क, नाजूक मेफ्लायला १०, या लाल अळ्यांच्या कुळाला २, गाळातल्या बारीक गांडुळांना १. बेरीज केली की स्कोअर, तिला कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी, झालं.

गाळकरी:
@गुणपत्रक स्कोअर काढायला हरकत नाही, मीही काढतो. पण ती मार्कं ब्रिटनमधल्या नद्यांसाठी बसवलेली आहेत, बाकीच्या देशांत वापरताना तिथल्या कुळांप्रमाणे बदलून घेतात. आणि डोहाला खळाळाच्या फूटपट्टीने मोजलं तर स्कोअर कमीच येणार, नाला असो वा नसो. चुकीच्या सँपलवर गणित केलं की उत्तर फक्त दशांश चिन्हासकट चुकतं 😄

भरतीओहोटी:
मी समुद्राकडचा, नदीतलं फार कळत नाही, पण "प्रकार कमी म्हणजे घाण" हे समीकरण आमच्याकडेही फसतं. रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली, आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. पाणी तेच, लाटा त्याच, घाण काहीच नाही, तरी १९६६ च्या पेपरमध्ये त्याने दिलेला हिशेब असा की प्रकार १५ वरून ८ वर आले. कारण तारामासा मसल्स (खडकाला चिकटून राहणारे शिंपले) खायचा, तो गेल्यावर मसल्सनी अख्खा खडक बळकावला आणि बाकीच्यांना बसायला जागाच उरली नाही. म्हणजे कोण कोणाला खातं आणि जागा कोण अडवतं हेही बघावं लागतं.

उलट सांडपाण्याने गाळ सडला की आमच्याकडे कॅपिटेला नावाचा एक छोटा लाल किडा माजतो, तुमच्या ब्लडवर्मचा चुलतभाऊच म्हणा ना (नात्याने नाही, धंद्याने). तेव्हा तुमचा संशय अगदीच चुकीचा नसेल, फक्त पुरावा अजून हातात नाही.

गाळकरी:
आणि हो, ती अळी. शेपट्या मोजून ठरवू नका, काही मेफ्लायना दोनच असतात, शिवाय जाळीत तुटतातही. भिंगाखाली पाय बघा. पायाच्या टोकाला नखी एक असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले दिसले तर तीही मेफ्लायचीच खूण.

ओलेपाय:
मीटर दुपारी १२:३० ला बुडवला होता आणि तोही काठावर उभं राहून वरच्यावर 🙈 येत्या रविवारी पहाटे जातेय, नाल्याच्या वर एक खळाळ आहे आणि खाली साधारण २०० मीटरवर दुसरा, दोन्ही तेवढीच ३ मिनिटं ढवळणार. डोहाचं सँपल टाकून देत नाही, वेगळ्या तक्त्यात ठेवते.

अळी भिंगाखाली घेतली. नखी एक. कल्ले पण आहेत, चपटे पानासारखे, आणि त्यातले काही अजून हलतायत, त्यामुळे आधी ताजं पाणी घातलंय.