थंब मशीनचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला ते दिसतंय का? मदत हवी आहे

यावल तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. विंडोज १०चा जुना डेस्कटॉप, त्याला यूएसबीचं थंब मशीन. काल संध्याकाळपर्यंत चाललं. आज दिवा लागतोय, पण अंगठा घ्यायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणतं 'डिव्हाइस नॉट रेडी'. रीस्टार्ट झालं, ड्रायव्हर दोनदा टाकून झाला. ओट्यावर ५-६ जण ई-केवायसीला बसलेत, त्यातले एक आजोबा चौथ्यांदा विचारून गेले, "भाऊ, कव्हय व्हई?"

मशीनच गेलं असेल तर उद्या जळगावला नेतो. सॉफ्टवेअरचा घोळ असेल तर तो फेरा फुकट. म्हणून एवढंच सांगा, त्या सॉफ्टवेअरला न विचारता कॉम्प्युटरला मशीन सापडलंय की नाही हे कुठे बघायचं?

प्रतिसाद १
दादा, दिव्यावर जाऊ नका. त्याला फक्त ५ व्होल्ट लागतात. यूएसबी २.०च्या वायरीत ४ तारा असतात, २ पॉवरच्या, २ डेटाच्या. डेटाची तुटली तरी दिवा लागतोच.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला सापडलेल्या मशीनांची यादी, उघडा. तो समोर ठेवूनच मशीन काढा, परत लावा. यादी जराही हलली नाही तर ड्रायव्हर टाकत बसू नका, आधी वायर आणि पोर्ट बघा. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि आत कोड ४३ आला, तर काहीतरी जोडलंय एवढं कॉम्प्युटरला कळलंय, पण मशीनला आपलं नावगाव सांगता येत नाहीये. खराब वायरीनेही असं होतं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. नाव नीट दिसलं तर मग आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी अंगठा घेणारं मशीनचं सॉफ्टवेअर, बघा.

प्रतिसाद २
मधे एक्स्टेन्शन आहे का? असेल तर काढा, आणि डब्याच्या मागच्या पोर्टला थेट लावा. पुढचे पोर्ट आतल्या वायरीने बोर्डाला जोडलेले असतात, तीही सैल होते.

धागाकर्ता
कोड ४३च होता! मशीन खिडकीपाशी यावं म्हणून बाजारातून आणलेली ३ मीटरची वायर मधे होती. ती काढून मागे लावलं, लगेच नाव आलं. आजोबांचा अंगठाही लागला, तिसऱ्या खेपेला. पण आता लोकांना टेबलाला वळसा घालून आत यावं लागतंय. भुसावळकडे चांगली एक्स्टेन्शन वायर कुठे मिळेल?