पाऊल जळत असेल तर क्लीट सोडावी का?

लांबपल्ला

गेल्या फेब्रुवारीत ३०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) अर्ध्यावर सोडली. पुण्याहून उंब्रजच्या पुढून वळसा आणि परत, मुदत २० तास. दम शिल्लक होता, वेळ हातात होता, सायकलही नीट चालत होती. थांबवलं ते उजव्या पायाच्या चवड्याने. परतीला साताऱ्याजवळ, साधारण १८० किलोमीटरवर, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या बेचक्यात आग सुरू झाली. आधी मुंग्या, मग निखाऱ्यावर पाय टेकवल्यासारखं, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. रस्त्याच्या कडेला बूट काढून बसलं की पाच मिनिटांत उतार पडायचा, बूट चढवला की दहा किलोमीटरच्या आत पुन्हा तेच. शेवटी सुरूरला, वाई फाट्यावर, सायकल टेम्पोत टाकली. त्या बोटांचा बधिरपणा पुढे तीन आठवडे गेला नाही.

त्यानंतर क्लीट (बुटाच्या तळव्याला बोल्टने लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) सोडून सपाट पेडल लावली आणि साध्या कडक तळव्याच्या बुटांवर दोन महिने चालवली. २०० किलोमीटरच्या दोन ब्रेव्हे पूर्ण केल्या, आधीपेक्षा वेळ फक्त दहा-बारा मिनिटं जास्त. आग नाही.

म्हणून माझं मत मांडतो. शर्यत न करणाऱ्याला क्लीट लागत नाही. "वर खेचल्याने ताकद मिळते" हे सगळे सांगतात, पण २००७ मध्ये सायकलस्वारांवर झालेल्या मोजमापांत मुद्दाम वर खेचणाऱ्यांची कार्यक्षमता उलट घटलेली दिसली. २०१६ मध्ये कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी धावायचे बूट आणि सपाट पेडल यांची तुलना कडक तळव्याचे बूट आणि क्लीट यांच्याशी केली. मध्यम जोरावर शरीराच्या ऊर्जेच्या खर्चात फरक आढळला नाही. तरीही नवा माणूस ग्रुपमध्ये आला की तिसऱ्या रविवारी त्याला "आता क्लीट घे" ऐकावं लागतं आणि पाय दुखतो म्हणाला की "सवय होईल". या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे. कातडीला घट्टे पडतात, नसेला पडत नाहीत.

घाटवाट

लांबपल्ला, ब्रेव्हे सुटल्याचं वाईट वाटलं. "सवय होईल" चूक आहे, तिथे मी तुमच्या बाजूने. पण निष्कर्ष पटत नाही. तुमचा पाय पेडलने जाळलेला नाही, बुटाच्या मापाने आणि क्लीटच्या जागेने जाळलाय.

तीन गोष्टी विचारतो. बूट दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले? सकाळी मापाला बसलेला बूट दुपारी तीनला, उन्हात सात तास चालवल्यावर बसत नाही, कारण पाऊल सुजतं. क्लीट बुटाच्या तळव्यावरच्या खाचेत कुठे आहे? दुकानातून लावून आली असेल तर बहुतेक वेळा अंगठ्याच्या मुळाखाली, म्हणजे फार पुढे असते. आणि चवड्यावरचा पट्टा किती आवळता? टाच उचलू नये म्हणून लोक सगळे पट्टे सारखेच आवळतात. वास्तविक घट्ट हवा तो घोट्याजवळचा. बोटांकडचा इतका सैल हवा की आत बोटं हलली पाहिजेत.

तुम्ही दिलेल्या कोलोराडोच्या प्रयोगाबद्दलही सांगतो. ते मध्यम जोराचं, बसून मारलेलं पायडल आहे. पावसात पसरणी घाट चढताना उभं राहून जोर लावला की ओल्या पेडलवरून पाऊल सटकतं आणि पोटरी सोलवटते, ते प्रयोगशाळेत मोजलेलं नाही. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत दुसऱ्या रात्री डोळ्यांवर झापड असताना पाय आपोआप जागेवर राहणं मला ऊर्जेच्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

कोकणकडा

माझा लांबपल्ला यांना पूर्ण पाठिंबा.

ही वस्तू आली कुठून ते बघा. लूक ही फ्रेंच कंपनी स्कीच्या बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी कळ) बनवायची. तीच कल्पना तिने १९८४ मध्ये पेडलला लावली आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने त्या पेडलवर तूर द फ्रान्स जिंकली. शिमानो या जपानी कंपनीची एसपीडी, म्हणजे दोन बोल्टची क्लीट आणि तिचं पेडल, आली १९९० मध्ये. मूळ गरज शर्यतवाल्यांची. त्यांच्यामागे गाड्या चालतात, रस्ते बंद केलेले असतात. आपल्यापुढे एसटी अचानक थांबते, कुत्रं आडवं येतं, खड्डा पाण्याखाली असतो. माझ्या बहिणीचं मनगट सिग्नलला मोडलं. वेग शून्य. उजवा पाय सोडवला, तोल डावीकडे गेला. सहा आठवडे प्लास्टर. तुम्ही चवड्याच्या आगीबद्दल बोलताय, मी म्हणतो आग नसती तरी शहरात ही गोष्ट नको.

गोदाकाठ

कोकणकडा, ताईंच्या मनगटाचं वाचून वाईट वाटलं. पण पडण्याची भीती आणि पायाची आग हे दोन वेगळे विषय आहेत. धागा आगीचा आहे.

लांबपल्ला दादा, मी नाशिकची. कसाऱ्याच्या बाजूने वर येताना इगतपुरीपर्यंत माझेही पाय असेच जळायचे, दोन्ही. मी तुमच्यासारखीच सपाट पेडलवर गेले आणि तिथेही जळले! मऊ तळव्याचा धावायचा बूट पेडलच्या कडेवर वाकतो आणि सगळा दाब एका पट्टीवर येतो. तुम्ही कडक तळव्याचे बूट घातलेत म्हणून तुमचं निभावलं. तेव्हा श्रेय पेडलला देताना थोडं थांबा.

माझा खरा घोळ रुंदीचा निघाला. आपण लहानपणापासून घरात अनवाणी, बाहेर चपलेत. बोटं मोकळी वाढतात, चवडा पसरतो. अनवाणी वावरणाऱ्या भारतीयांच्या पावलांचा पुढचा भाग बुटात वाढलेल्या पावलांपेक्षा रुंद असतो, हे मोजून दाखवलेलं आहे. आणि सायकलचे बूट बहुतेक अरुंद साच्यावर बेतलेले. दुकानदार म्हणतो, एक नंबर मोठा घ्या. मोठा घेतला की लांबी वाढते, टाच उचलायला लागते, म्हणून आपण पट्टा आणखी आवळतो, म्हणजे चवडा पुन्हा दाबात. शिमानोच्या काही मॉडेलांत त्याच नंबरात रुंद साचा मिळतो, इथल्या दुकानात क्वचितच ठेवतात. मी चार महिने थांबून मागवला. एका कागदावर दोन्ही पावलं उभं राहून, पूर्ण भार टाकून आखा आणि बुटाचा आतला तळ काढून त्यावर ठेवा. रेघ तळाच्या बाहेर गेली असेल तर पुढची कुठलीही चर्चा करायची गरज नाही.

लांबपल्ला

गोदाकाठ ताई, आखून पाहिलं. उजवं पाऊल करंगळीच्या बाजूला जवळपास बोटाच्या पेराएवढं बाहेर. डावं कमी. उजवंच का जळतं याचं उत्तर मिळालं, आभार.

घाटवाट, बूट सकाळी अकराला घेतले होते. क्लीट खाचेच्या अगदी पुढच्या टोकाला आहे. दोन्ही तुम्ही म्हणालात तसंच. पण याने माझं म्हणणं पडत नाही, उलट भक्कम होतं. साचा रुंद हवा, वेळ संध्याकाळची हवी, क्लीट अमुक मिलिमीटर मागे हवी, पट्टा तमुक इतका सैल हवा. इतकं सगळं जुळलं तरच जी वस्तू त्रास देत नाही, ती नवख्याला पहिल्याच वर्षी का सुचवायची? चप्पल घालून गावात सायकल चालवणारा माणूस पन्नास किलोमीटर जातो, त्याला यातलं काही जुळवावं लागत नाही.

घाटवाट

पन्नास जातो, खरंय. तीनशे जात नाही. तुम्हाला १८० ला आग सुरू झाली, सपाट पेडलवर २०० केल्यात, पण त्या पेडलवर ३०० अजून झालेली नाही. तेव्हा "आग नाही" याच्यापुढे "२०० पर्यंत" असं लिहा.

आणि नंबर चुकीचा लागला म्हणून चष्माच नको, असं आपण म्हणत नाही.

कोकणकडा

चष्म्याशिवाय ज्याला दिसत नाही त्याला चष्मा. ज्याला दिसतंय त्याला का?

पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकलही चालवते. दोन्ही बाजू वाचल्या. वादात न शिरता आधी आत काय होतं ते सांगते, कारण त्यावर उपाय अवलंबून आहेत.

पावलातल्या पाच लांब हाडांची टोकं चवड्यापाशी येतात. त्यांच्या मधून बोटांकडे जाणाऱ्या नसा जातात. बूट बाजूने दाबतो, पेडल खालून दाबतं, नस मध्ये चिमटली जाते. तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये हे सर्वांत जास्त दिसतं. नस वारंवार चिमटली तर तिच्याभोवतीचं आवरण जाड होतं, त्याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात. मग बूट काढूनही पाच मिनिटांत बरं वाटत नाही. लांबपल्ला, तीन आठवडे टिकलेला बधिरपणा ही हलकी गोष्ट नाही. पुन्हा झालं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता उपाय. क्लीट मागे घेतली की भार हाडांच्या टोकांवरून पावलाच्या मधल्या भागाकडे सरकतो. पोटरीवरचा ताणही कमी होतो. किती मागे? सुरुवात अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर, आग असेल तर त्याहून मागे. क्लीट मागे गेली की पाय पेडलपर्यंत लवकर पोचतो, म्हणून सीट काही मिलिमीटर खाली घ्या, नाहीतर एक दुखणं सोडवून दुसरं घेतलंत असं होईल. आतल्या तळावर चिकटवायची छोटी उंचवट्याची गादी मिळते. ती लोक दुखणाऱ्या जागेच्या बरोबर खाली लावतात आणि दुखणं वाढवतात. ती त्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला लागते, म्हणजे हाडं एकमेकांपासून जराशी उघडतात.

तळवा जितका कडक तितका चांगला, हेही सरसकट खरं नाही. कार्बनच्या तळव्यात चवड्याखालचा सर्वोच्च दाब प्लास्टिकपेक्षा जास्त मोजला गेलेला आहे. लांब पल्ल्याला मधला कडकपणा पुरतो.

गिअर हाही एक भाग आहे. जड गिअरवर मिनिटाला ५५-६० फेरे मारणाऱ्याचा चवडा प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो. हलका गिअर घेऊन ८०-८५ वर आलात तर तेवढ्याच वेगाला दाब विभागला जातो.

आणि एक सांगायलाच हवं, या धाग्यात कुणी म्हटलं नाही म्हणून. ज्यांचे दोन्ही तळवे रात्री अंथरुणातही जळतात, त्यांनी पेडलला दोष देऊ नये. साखर आणि बी१२ तपासून घ्या. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता बरीच दिसते. दोन्हींत तळवे असेच जळतात. माझ्याकडे "सायकलच्या बुटांनी पाय जळतात" म्हणून आलेल्या एका काकांची साखर जेवणाआधीच २४० निघाली होती. त्यांचे बूट अगदी बरोबर मापाचे होते.

कोकणकडा

पायवाट ताई, शेवटचा परिच्छेद माझ्या वडिलांना वाचून दाखवला. उद्या रक्त द्यायला जाणार आहेत. क्लीटबद्दलचं माझं मत तेच आहे.

लांबपल्ला

दोन आठवड्यांनी लिहितोय. क्लीट आठ मिलिमीटर मागे घेतली, खाच तेवढीच होती. जुन्या जागेभोवती आधी मार्करने रेघ मारून ठेवली, म्हणजे परत यायचं तर येता येईल. सीट चार मिलिमीटर खाली. चवड्यावरचा पट्टा घराबाहेर पडतानाच एक खाच सैल, आणि ६० किलोमीटरवर आणखी एक. बूट तेच अरुंद, कारण नवे यायला वेळ आहे.

वाईपर्यंत जाऊन पसरणी चढून पाचगणीहून परत आलो. पूर्वी ६० किलोमीटरच्या आसपास मुंग्या यायच्या. या वेळी पसरणीच्या मध्यावर, नव्वदच्या पुढे आल्या, आणि आग म्हणावी असं झालं नाही. घाटवाट, हा फरक मला अपेक्षित नव्हता. पेडलचा दोष मी जास्त धरला होता, जागेचा कमी. तेवढं मागे घेतो.

नवख्यांबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही. हे कळायला मला एक सुटलेली ब्रेव्हे, तीन आठवड्यांची बधिर बोटं आणि तुम्ही चौघे लागलात. ज्याने मला ते बूट विकले आणि क्लीट लावून दिली, त्याने यातलं एक वाक्यही सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला कुणी नाही, त्याने पहिलं वर्ष सपाट पेडलवर, कडक तळव्याच्या बुटात काढावं.

घाटवाट

पहिलं वर्ष नाही, पहिले तीन महिने. पण यावर मी फार ताणत नाही.

आठ मिलिमीटर नुसत्या अंदाजाने हलवलीत, तेव्हा दोन्ही बोल्ट पाच ते सहा न्यूटन-मीटरला (आवळण्याच्या जोराचं माप) आवळलेत का? हाताने आवळलेली क्लीट आत फिरते आणि ऐन वेळी पाय सुटत नाही. कोकणकडांच्या ताईंसारखं पडणं असंही होतं.

लांबपल्ला

हातानेच आवळली आहे.

घाटवाट

मग अजून चालवू नका. रविवारी साडेपाचला कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी या, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) घेऊन येतो. बूट पायात न घालता पिशवीत आणा, सपाट पेडलवर या.