मदत हवी आहे: विहिरीवरची प्रेशर टाकी बदलू की नुसतं ब्लॅडर (आतली पाण्याची रबरी पिशवी, तिच्याभोवती हवा असते)? (नागपूर)

हुडकेश्वर_रोड:
नमस्कार मंडळी. घरच्या विहिरीत अर्ध्या एचपीची ओपनवेल मोटर आहे, वर 24 लिटरची प्रेशर टाकी. प्रेशर स्विच 1.5 बार दाबाला मोटर चालू करतो, 3 ला बंद. एक बादली भरेपर्यंत मोटर चार-पाचदा चालू-बंद होऊन राहिली. नळ बंद केले की गप्प. प्लंबर म्हणते टाकीच बदला. खालच्या कडेला रंगाला फोडही आले आहेत. खर्चाआधी काय तपासू?

विहीरमित्र:
नळ बंद असताना मोटर उठत नाही, म्हणजे एनआरव्ही (पाणी विहिरीत परत जाऊ न देणारा वॉल्व) आणि घरातली लाइन ठीक दिसते. संशय टाकीच्या हवेवरच.

मोटरचा मेन स्विच बंद करा. खालचा नळ उघडून गेज शून्यावर येऊ द्या आणि नळ उघडाच ठेवा. पाणी काढल्याशिवाय मोजलेली हवा म्हणजे नुसता लाइनचा दाब. फसगत इथेच होते. मग टाकीवरची प्लास्टिकची टोपी काढून वॉल्वची पिन क्षणभर दाबा. पाणी उडालं तर ब्लॅडर फाटलं. नुसती हवा आली तर टायरच्या गेजने मोजा. चालू होण्याच्या दाबापेक्षा थोडी कमी हवी, तुमच्याकडे 1.3 बार, म्हणजे सुमारे 19 पीएसआय. कमी असेल तर फूटपंपाने भरा, वॉल्वला साबणाचं पाणी लावा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. तेवढीच राहिली तर एक रुपया खर्च नाही. जास्त मात्र भरू नका, नाहीतर मोटर उठायच्या आधीच नळाची धार तुटते.

जुना_फिटर:
भाऊ, स्विचची बारीक निपलही (त्याला पाण्याचा दाब पोचवणारी नळी) खोलून पाहा. आपल्याकडे बोअरच्या, विहिरीच्या पाण्यात क्षार भरपूर. ती चोंदली की स्विचला दाब उशिरा कळतो आणि दोष टाकीवर जातो. झाकण उघडताना मेन बंदच हवा, आतल्या पट्ट्यांत करंट असतो.

हुडकेश्वर_रोड:
पिन दाबली, पाणीच आलं, तेही तांबूस. फ्लँजला (टाकीच्या तोंडावरच्या चकतीला) 6 बोल्ट आहेत. मग ब्लॅडरच टाकू ना?

विहीरमित्र:
तांबूस पाणी म्हणजे पत्र्याला आतून गंज. आधी पूर्ण हवा सोडा, बोल्ट काढा, जुनं ब्लॅडर ओढून बाहेर घ्या आणि टॉर्च मारून आत पाहा. वरवरचा गंज असेल तर पुसून, कोरडं करून नवीन ब्लॅडर बसवा. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे कसा, आणि पाणी सोडायच्या आधी हवा भरा. पण फोडाच्या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पापुद्रे निघत असतील तर ब्लॅडरचे पैसे पाण्यात. हवेच्या दाबाखालचं भांडं आहे, त्याला वेल्डिंगचा जुगाड करायचा नाही.

जुना_फिटर:
माझं मत थोडं वेगळं. 24 लिटरची टाकी नवी असली तरी 1.5 ते 3 बारमध्ये देते जेमतेम 8 लिटर. मोटर मिनिटाला 40 लिटर टाकत असेल तर 12 सेकंदांत बंद! दर स्टार्टला करंट कैक पटीने ओढला जातो, मग कपॅसिटर उडतो, स्विचचे पॉइंट जळतात. एका दमात मिनिटभर तरी चालली पाहिजे. 100 लिटरची टाकी सुमारे 35 लिटर देते. पत्रा चांगला निघाला तर ब्लॅडर टाकून मोकळे व्हा. सडला असेल तर पुन्हा 24 ची घेऊ नका.

हुडकेश्वर_रोड:
ठोकलं तर पापुद्रे निघून राहिले. मोठी बसवताना काय पाहू?

जुना_फिटर:
उभी, पायांवर, सिमेंटच्या ओट्यावर आणि सावलीत. टाकीच्या पुढे घराकडच्या लाइनवर 1 इंची बॉल वॉल्व आणि टाकीपाशी एक ड्रेन नळ द्या, म्हणजे हवा तपासताना अख्खी लाइन रिकामी करावी लागत नाही. टाकी आणि स्विच यांच्या मधात मात्र वॉल्व नको. तो चुकून बंद राहिला तर मोटर लगेच धडधडायला लागते. आणि मे महिन्यात विहीर खाली गेली तर हा स्विच मोटर थांबवत नाही, त्यासाठी लेव्हल गार्ड वेगळा लावा.