अनुभव धागा: जुनी गाडी पुसायची की पळवायची?

माझी प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची, आजोबांनी घेतलेली. दोन वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ठेवून नवीकोरी करून घेतली. रंग तीनदा काढायला लावला, कारण बॉनेट आणि मडगार्डची छटा उन्हात जुळत नव्हती. घरी आणली तेव्हा गल्लीतली पोरं तिच्यात बघून भांग पाडायला लागली. तेव्हापासून ती कव्हरखाली आहे. गेल्या महिन्यात चालू करायला गेलो तर मागचे ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक. जपून जपून गाडी बिघडवणारा मी एकटाच, की अजून कोण हाय? गाडी कुठली, किती चालवता, मोकळेपणानं लिहा.

डुक्करवाला
आमची डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट ११००. पुढचे दरवाजे उलटे उघडतात, त्यामुळं सिग्नलला लोक आधी दार बघतात, मग मला. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नव्यानं नोंदणी केली तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, २०,००० रुपये भरून, दहा वर्षांसाठी. रुबाब आहे, पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मिसळ खायला जाणं प्रदर्शनात धरतील का? नाही ना! म्हणून साधीच नोंदणी ठेवलीय. दर पाच वर्षांनी पासिंगच्या रांगेत उभा राहतो आणि दर रविवारी मिसळ खातो.

लेथवरचा माणूस
मी गिऱ्हाईक नाही, कारागीर. बुश, पिन, किंगपिन काय पाहिजे ते नमुना दिला की उद्यमनगरात वळून मिळतं. पण एका साहेबांनी डॅशबोर्डचे स्क्रू परत आणले. म्हणे, त्या साली चौफुलीचे नव्हते, सरळ खाचेचे होते. खरं होतं त्यांचं. बारा स्क्रू हातानं करून दिले, मलाही बरं वाटलं. त्याच गाडीचे ब्रेक पाइप गंजलेले होते, ते बदलू म्हटलं तर 'ते कुठं दिसतात,' म्हणाले!

नागाळा पार्क
हे लिहायला अजून जड जातं. वडिलांची ॲम्बेसेडर, मार्क २. सीटचं कापडसुद्धा जुन्यासारखं शोधून बसवलेलं. धूळ बसेल म्हणून बाहेर काढत नव्हतो. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं. किल्ली फिरवली, नुसतं टक्. बॅटरी बसलेली. ढकलायचं म्हटलं तर टायर जमिनीला चिकटल्यासारखे, आणि माणसं तरी कुठली, जो तो आपापल्या घरातलं वर चढवत होता. शेजाऱ्यांची खटारा जीप, तिला रंग म्हणून नाही, एका झटक्यात सुरू होऊन उंचावर गेली. त्या जीपमधनंच आमची आई सुखरूप बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर गाडीत गाळ, आणि ते कापड... असो. इंजिन पुन्हा उघडलं, धुतलं, चालू झालं. सीटवर आता साधं रेक्झिन आहे. रोज दूध आणायला नेतो.

दसरा चौक
सगळे एकाच बाजूनं बोलताय म्हणून लिहितो. कोल्हापूर संस्थानची मेबॅक, ती जुनी जर्मन मोटार, सीमोल्लंघनाला येते तेव्हा चौकातली गर्दी कशी पुढं सरकते बघितलंय ना? रोज रंकाळ्यावर भेळ खायला आली असती तर कुणी मान वळवली असती का? काही गाड्या राखायच्याच असतात, आणि त्या तशा राखणाऱ्याला वेडा म्हणू नका. माझी स्टँडर्ड हेराल्ड गाडी वर्षातून चारदा निघते. बाकी दिवस दर पंधरवड्याला अर्धा तास चालू करून आत-बाहेर करतो, ब्रेक दाबतो, बॅटरी चार्जिंगला लावतो. राखायची म्हणजे नुसती झाकायची नव्हे, मर्दा.

करूळ घाट
मे महिना, कोकणातून वर येताना पद्मिनी घाटात बंद. उष्णतेनं पाइपातच पेट्रोलची वाफ. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकलं आणि कठड्यावर बसलो. येणारा प्रत्येक ट्रकवाला थांबून सल्ला देऊन गेला. एकानं कलिंगडाची फोड दिली. पाऊण तासानं निघालो. बंपरला पोचा आलाय, काढला नाही.

धागाकर्ता
दसरा चौक, पटलं. कालच चारही चाकं सोडवली, मागचं डावं अजून जरा धरतं. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलतोय, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं ते फुगलेत. रविवारी सकाळी सहाला कळंब्यापर्यंत जाऊन येणार, पाऊस नसला तर. असला तर वायपर आहेत की नाहीत ते बघायला लागेल.