मदत हवी आहे : चाचणीला बसलेली प्रत्येक बाई 'छान आहे' म्हणते, खरं कसं काढून घ्यायचं?

रेघोटी :

नमस्कार मंडळी. इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करतेय. शेवटचं सत्र आहे, ज्युरी तोंडावर आलीय. प्रकल्प आहे महिला बचत गटाच्या हिशेबाच्या ॲपचा, आणि फील्डवर्क सिन्नर तालुक्यातल्या गटांमध्ये चाललंय. बैठकीत जमा झालेली बचत, अंतर्गत कर्जाचे हप्ते, शेकडा दोन रुपयांनी व्याज हे सगळं आज वहीत लिहिलं जातं. वही लिहिणारी गटात बहुधा एकच असते. ती माहेरी गेली की हिशेब तटला. म्हणून इतर बायकांनाही नोंद करता यावी असा प्रोटोटाइप, म्हणजे ॲपचा कच्चा नमुना, फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय.

अडलंय ते चाचणीत. ताईंच्या हातात फोन देते आणि सांगते, 'एकीचा हप्ता भरून घ्या.' त्या भलत्याच बटणावर जातात, मागे येतात, माझ्या तोंडाकडे बघतात. काम अर्धवट राहतं. तरी कसं वाटलं विचारलं की उत्तर ठरलेलं : 'छान आहे की! सोपंय.' मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा असं सांगितलं, तर होतं तेवढं बोलणंही बंद. अध्यक्षताई शेजारी असतील तर मग सगळी उत्तरं त्याच देतात.

त्यात गाईडना अहवालात एसयूएसचा, म्हणजे वापरायला किती सोपं ते मोजणाऱ्या प्रश्नावलीचा, आकडा हवाय. दहा विधानं मराठीत केली, पण 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' हे प्रकरण ओसरीवर चालेना. सगळीकडे 'सहमत'. किचकट आहे का? सहमत. सोपं आहे का? सहमत. या माहितीचं करू काय? आणि हे पोर्टफोलिओत कोणत्या तोंडाने मांडू?

खडूफळा :

एसयूएसचं आधी उरकतो. जॉन ब्रूकने १९८६मध्ये तो कार्यालयात संगणक वापरणाऱ्यांसाठी केला. त्यातली विषम क्रमांकांची विधानं स्तुतीची, सम क्रमांकांची तक्रारीची. प्रत्येक उत्तराला पूर्ण असहमत १ ते पूर्ण सहमत ५ असे गुण. विषमाच्या गुणांतून १ वजा, समाचे गुण ५ मधून वजा, बेरजेला अडीचने गुणायचं. आता सगळ्याला ५ लावून बघ. विषमाचे २०, समाचे शून्य, गुणाकार बरोबर ५०. सगळ्याला १ लावलेस तरी ५०च. म्हणजे तुझ्याकडे जो आकडा येईल तो ॲपचा नाही, 'हो'ला 'हो' म्हणण्याचा आहे. हे गणित गाईडसमोर मांड. समजूतदार असतील तर हट्ट सोडतील.

मुख्य रोगावर अभ्यास झालेला आहे. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळूरमध्ये ४५० लोकांबरोबर केला, २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गोष्टींपैकी एक मुलाखत घेणाऱ्याने बनवली आहे असं वाटलं, की लोक ती पसंत करण्याची शक्यता अडीच पट व्हायची. परदेशी संशोधक आणि सोबत दुभाषी असेल तर पाच पट. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या असल्या तरीही! तेव्हा तुझ्या ताया खोटं बोलत नाहीत, पाहुणीचं मन राखतात.

उपाय : 'हे मी बनवलंय' हे वाक्य आजपासून बंद. एक नाही, दोन आराखडे ने, आणि 'हे दोन आलेत, आम्हाला यातला एक टाकून द्यायचाय' असं सांग. टाकायचं ठरवताना लोक मोकळेपणी बोलतात. दुसरं, एकटीला बसवूच नकोस. दोघींना एक फोन दे, किंवा एकीला दाखव आणि तिने दुसरीला शिकवायचं. 'अगं तिथं नाही, खाली दाब' हे तुला हवं असलेलं मोठ्याने बोलणंच आहे, फक्त न सांगता मिळतं.

सखी_सोलापूर :

मी गटांची सीआरपी (गावातल्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती) होते, डिझाइनमधलं मला कळत नाही. पण रेघोटीताई, तुम्ही कल्पनेतला हप्ता भरायला सांगता तिथेच घोटाळा आहे. खोटा हिशेब कोण कशाला मन लावून करेल? मागच्या बैठकीची त्यांचीच वही उघडा आणि तीच नोंद फोनमध्ये करायला लावा. रुपयाचा फरक आला की सगळ्या जणी उठून बसतात, मग बघा कशा बोलतात ते. (वहीचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका. कुणाचं किती थकलंय ते त्यात असतं.)

आणि सगळ्यांना नोंद करता यावी असं तुम्हाला वाटतं, गटाला वाटतं का ते विचारलंत? वही लिहिणारीचा मान असतो. कुठे कुठे तिला थोडं मानधनही मिळतं. बऱ्याच बायकांना लिहायचं नसतं, आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचून खात्री करायची असते.

रेघोटी :

सखीताई, शेवटचं वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. पासबुकासारखं फक्त बघायचं पान माझ्या प्रोटोटाइपमध्ये आहे, पण तीन टॅप आत. ते आता पहिल्यावर आणून बघते.

खडूफळा सर, पाच जणींवर भागेल का? वर्गात सगळे वापरसुलभतेच्या चाचण्यांवर लिहिणाऱ्या नील्सनचं नाव घेऊन पाचावर थांबतात.

खडूफळा :

सर नको, खडू पुरे. ते पाच एका फेरीचे. एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात असं धरलं तर पाचांत साधारण ८५ टक्के होतात, एवढंच ते गणित. तो स्वतःच सांगतो की पंधरा माणसं असतील तर तीन फेऱ्या करा, मधे दुरुस्ती करा. शिवाय वही लिहिणारी आणि वहीला हात न लावणारी हे दोन वेगळे गट धर, पाच-पाच वेगळ्या.

लोकल_डबा :

डिझाइन संशोधक अपाला लाहिरी चव्हाण यांची 'बॉलीवूड पद्धत' वाच. भाचीचं लग्न तोंडावर आलंय, नवरदेव गुंड आणि आधीच लग्न झालेला निघालाय, तिला वाचवायला ताबडतोब विमानाचं तिकीट काढायचंय, असा मसाला रचून त्यांनी तिकिटाच्या वेबसाइटची चाचणी घेतली. भिडस्त माणसंही प्रसंगात शिरली की वेबसाइटवर सरळ चिडतात. तुझ्याकडे तर कथा तयार आहे : उद्या बँकेचे साहेब येणार, वही लिहिणारी गावाला गेलीय.

पोर्टफोलिओचं म्हणशील तर 'शंभर टक्के बायकांना आवडलं' असली पाटी लावू नकोस. मी मुलाखतींना बसतो, अशा पाट्या बघून पान उलटतो. त्याऐवजी 'सोपंय' म्हणणाऱ्या ताईंचं बोट कुठे कुठे गेलं ते एका स्क्रीनवर काढून दाखव, शेजारी त्यांचं वाक्य. चेहरा नको. आणि पहिलं पान का बदललंस ते सखीताईंच्या मुद्द्यासकट लिही, मी तरी त्यावरच जास्त प्रश्न विचारेन.